चालू लॅपटॉपची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करताना: प्रकल्प नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

यंत्र: सेकंडहँड थिंकपॅड, आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, वर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). साधारण २१० जीबी भरलेली. त्यातला मोठा वाटा ऊसतोड कामगार बायकांच्या मुलाखतींचा आहे. आवाजाच्या फाइली, त्यांचं लेखन, गावांची नावं, मुकादमांची नावं, उचल किती घेतली, गर्भपिशवी कुठे काढली. महिनाअखेरीस पुन्हा फडावर जायचंय. लॅपटॉप एसटीत असणार, कोपीत असणार, कुणाच्या तरी टपरीवर चार्जिंगला लावलेला असणार. चोरीला गेला तर फक्त यंत्राचे पैसे जावेत, बायकांच्या जिवाला घोर लागू नये. लॉगिनचा पासवर्ड इथे काहीच राखत नाही. एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळं उघडं.

आधी फक्त होम फोल्डर एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करण्याचा, विचार होता. तो दोन कारणांनी सोडला. एक, ईक्रिप्टएफएससारख्या पद्धतीत फाइलचं नाव साधारण १४३ बाइटांपुढे जाऊ शकत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा धरून. म्हणजे ४७ चिन्हांत नाव संपवायचं. माझ्या फाइलींची नावं ‘गाव-टोळी-तारीख-विषय’ अशी लांबलचक असतात. दुसरं कारण जास्त मोठं. मुलाखतीचा मजकूर होम फोल्डरबाहेरही सांडतो. स्वॅपमध्ये (रॅममधला मजकूर डिस्कवर उतरतो ती जागा), तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात, लॉगमध्ये. आज शोधलं तर ऑडॅसिटीने अर्धवट सोडलेल्या आवाजाच्या फाइली ‘/व्हार/टीएमपी’मध्ये पडलेल्या सापडल्या. मागच्या हंगामातल्या. एवढं पुरे झालं. अख्खी डिस्कच.

लिनक्सवर त्यासाठी लक्स ही पद्धत, आणि ती चालवणारी आज्ञा ‘क्रिप्टसेटअप’. ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ चालवून पाहिलं: एईएस-एक्सटीएस, ५१२ बिटांची किल्ली, सेकंदाला दीड जीबीच्या वर. प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना आहेत त्यामुळे. ‘एलएससीपीयू’च्या उत्तरात ‘एईएस’ हा शब्द दिसत नसेल, तर मात्र यंत्र जुनं आहे आणि फरक जाणवेल.

ज्यांना नव्याने डेबियन टाकायचंच आहे त्यांनी पुढचं काही वाचायची गरज नाही. इन्स्टॉलरमध्ये ‘एन्क्रिप्टेड एलव्हीएम’चा पर्याय आहे, तो निवडा. मला चालू यंत्र न पुसता करायचं होतं, कारण फॉन्ट, मराठीचा शुद्धलेखन-कोश, लेखनासाठी बसवलेले शॉर्टकट, सगळं अनेक वर्षांत जमवलेलं. हा हट्ट किती महाग पडला ते पुढे येईलच.

आज फक्त मांडणी ठरवली. डिस्कवर तीन पार्टिशनं: पहिलं ईएफआय (यंत्र सुरू करणारी छोटी फाइल यात), दुसरं रूट (ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, सगळं त्यातच), तिसरं जेमतेम १ जीबीची स्वॅप. अडचण ग्रबची, म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्स उचलणाऱ्या प्रोग्रामची. डेबियन १२ मधलं ग्रब २.०६ लक्स२ (लक्सची नवी आवृत्ती) ओळखतं, पण पासवर्डपासून किल्ली पीबीकेडीएफ२ या पद्धतीने बनवलेली असेल तरच. लक्स२ एरवी आर्गॉन२आयडी वापरतं आणि ते ग्रबला उघडता येत नाही. पीबीकेडीएफ२वर उतरलं तर पासफ्रेजचे (शब्दांच्या लांब पासवर्डचे) अंदाज मारणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण आर्गॉन२ प्रत्येक अंदाजाला भरपूर मेमरी खायला लावतं, पीबीकेडीएफ२ तसं करत नाही. म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) एन्क्रिप्शनच्या बाहेर ठेवायचं, वेगळ्या बूट पार्टिशनवर. त्यासाठी जागा? स्वॅपचं पार्टिशन मोडायचं आणि तिथेच बूट बसवायचं. स्वॅप मग एन्क्रिप्ट झालेल्या रूटच्या आत एक फाइल म्हणून. पार्टिशन सरकवायची कटकटच नाही.


रविवार, १० नोव्हेंबर

बॅकअप. १ टीबीची पोर्टेबल डिस्क, ४,९०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि टाळू नका. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचून पुन्हा लिहायचा आहे. मध्ये काही बिनसलं तर हीच डिस्क.

बॅकअपची डिस्क उघडी ठेवून लॅपटॉपला कुलूप लावण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तीच ‘लक्सफॉरमॅट’ केली. ही आज्ञा खात्री करून घेण्यासाठी ‘येस’ असं रोमन कॅपिटलमध्ये टाइप करायला लावते. मी घाईत स्मॉलमध्ये टाकलं, ती एका ओळीत काम रद्द झाल्याचं सांगून मोकळी झाली आणि मी ती ओळ न वाचता पुढची आज्ञा दिली. थोडा वेळ ‘हे लक्सचं उपकरण नाही’ या उत्तराकडे बघत बसले.

मग पासफ्रेज. मला वाटलं, देवनागरीत ठेवू या, ओवीचा एखादा अर्धा चरण, कोण ओळखणार! इन्स्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्ड) चालू करून टाकला, डिस्क उघडलीही. पण मग लक्षात आलं, लॅपटॉप सुरू होताना पासफ्रेज विचारणाऱ्या त्या काळ्या पडद्यावर ना इन्स्क्रिप्ट असणार ना आयबस (कीबोर्डची भाषा बदलणारा प्रोग्राम). तिथे साधा इंग्रजी कीबोर्ड. शिवाय लक्सला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही येतं आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच. एका कीबोर्डवर ठेवलेला ‘कऱ्हा’ दुसऱ्या कीबोर्डवरून उघडेलच असं नाही. तेव्हा देवनागरी पासफ्रेज बाद. बॅकअपच्या डिस्कवरचाही लगेच बदलला.

आरसिंकने सगळं उतरवलं. मग चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) ताडून पुन्हा एकदा तुलना, तिला उतरवण्याइतकाच वेळ लागला. संध्याकाळी डिस्क दुसऱ्याच लिनक्स यंत्राला लावून चार-पाच मुलाखती ऐकल्या. माझंच यंत्र मेलं तर बॅकअप कुठेतरी दुसरीकडेच उघडावा लागणार. विंडोजवर लक्सची डिस्क उघडत नाही, उलट ‘फॉरमॅट करू का’ असं विचारते. घरातल्या कुणी हौसेने ‘हो’ म्हटलं की संपलं. डिस्कवर मार्करने लिहिलं: फॉरमॅट करू नये. शेजारी डेबियन लाइव्हचा (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या डेबियनचा) पेनड्राइव्ह रबरबँडने बांधून ठेवला.


बुधवार, १३ नोव्हेंबर, रात्री

रंगीत तालीम. १६ जीबीच्या जुन्या पेनड्राइव्हवर ईएक्सटी४ बनवली, आवाजाच्या फाइली भरल्या, चेकसमची यादी काढली.

पहिल्या वेळी मुद्दाम फाइलसिस्टिम लहान न करता ‘क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट’ चालवून पाहिलं. पर्याय असे: ‘--एन्क्रिप्ट’, ‘--टाइप लक्स२’ आणि ‘--रिड्यूस-डिव्हाइस-साइझ ३२एम’. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात रोमनच.) हे ३२ एमबी लक्सच्या हेडरसाठी (डिस्कच्या सुरुवातीचा भाग, किल्ल्या यातच) लागतात. हेडर १६ एमबीचं, आणि डेटा सरकवायला तेवढीच जागा आणखी. काम निमूटपणे झालं. पण नंतर फाइलसिस्टिम तपासली तर तिने सांगितलं की मी स्वतःला समजते त्यापेक्षा उपकरण लहान आहे, काहीतरी गडबड आहे. बरोबरच होतं, शेपटीचा तुकडा गेला होता. क्रिप्टसेटअपला फक्त सेक्टर दिसतात. आत कोणती फाइलसिस्टिम आहे आणि ती कुठपर्यंत पसरली आहे, ते आपण बघायचं.

दुसऱ्या वेळी आधी ‘ई२एफएससीके -एफ’, मग ‘रिसाइझ२एफएस’ने फाइलसिस्टिम ऐसपैस लहान केली आणि मग रीएन्क्रिप्ट. काम अर्ध्यावर आलं असताना पेनड्राइव्ह खेचून काढला. टर्मिनलवर लाल-पांढऱ्या चुकांचा पाऊस. पुन्हा लावला तर त्याचं नाव ‘एसडीबी’चं ‘एसडीसी’ झालेलं, ते बघून घेतलं. ‘--रिझ्यूम-ओन्ली’ देऊन पुन्हा चालवलं. पासफ्रेज विचारला, जिथे थांबलं होतं तिथून पुढे निघालं. शेवटी यादी ताडली, एकही फाइल बिघडली नव्हती.

लाइट जाण्याची भीती या एका प्रयोगाने गेली. हे लक्स२चं सुख आहे. कामाचा हिशेब ते हेडरमध्येच लिहीत जातं. तरीही खऱ्या दिवशी चार्जर इन्व्हर्टरवर.


शनिवार, १६ नोव्हेंबर

खरं काम. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू केलं, कारण चालू रूट लहान करता येत नाही.

आधी स्वॅपचं पार्टिशन. त्यात आजवर मेमरीतून उतरलेलं काय काय असेल, आणि ते पार्टिशन तर एन्क्रिप्शनच्या बाहेर राहणार. नुसतं नवं ईएक्सटी४ बनवलं तर जुने बाइट खाली तसेच राहतात. म्हणून ‘बीएलकेडिस्कार्ड’ (अख्खं पार्टिशन टाकून दे असं एसएसडीला सांगणारी आज्ञा) करून मग बूटसाठी फॉरमॅट केलं. इथे पार्टिशनचा क्रमांक तीनदा वाचा. दोनऐवजी तीन आणि तीनऐवजी दोन एवढ्याच फरकात सगळं आहे.

मग तपासणी, फाइलसिस्टिम ४७० जीबीपर्यंत लहान करणं, आणि रीएन्क्रिप्ट. अकराच्या सुमाराला सुरू केलं. टक्केवारीची एक ओळ सरकत राहते, दुसरं काही नाही. जेवण करून आले तर संपलेलं. ज्या गोष्टीची धास्ती घेऊन आठवडा काढला तिने काहीच त्रास दिला नाही.

त्रास पुढे. आता एन्क्रिप्ट झालेलं रूट उघडून, फाइलसिस्टिम पुन्हा पूर्ण वाढवून, ती माउंट करून, त्यात बूट आणि ईएफआय माउंट करून, ‘चरूट’ने (लाइव्हमधून डिस्कवरच्या प्रणालीत शिरायची आज्ञा) आत जायचं होतं. जुन्या बूटमधलं सगळं नव्या पार्टिशनवर उतरवलं. ‘एफएसटॅब’मध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) बूटची ओळ घातली, स्वॅपची काढली. ‘क्रिप्टटॅब’ (कोणतं एन्क्रिप्टेड पार्टिशन कोणत्या नावाने उघडायचं त्याची यादी) लिहिला. ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ केलं. ग्रब-इन्स्टॉल विसरलात तर ईएफआयमधली छोटी फाइल अजून जुन्या रूटमध्येच बूट शोधत बसते आणि हाती फक्त ‘ग्रब>’ येतं. ‘अपडेट-इनिटरामएफएस’ चालवलं, म्हणजे सुरू होतानाची छोटी प्रणाली (इनिटरामएफएस) नव्याने बनवली. एकही तक्रार नाही. रीस्टार्ट.

ग्रब आलं, कर्नल सुरू झालं, मग पासफ्रेज विचारायच्या ऐवजी बराच वेळ काहीच नाही, आणि मग सूचना: रूट सापडत नाही, शेलमध्ये सोडतो आहे. ‘(इनिटरामएफएस)’ आणि लुकलुकणारा कर्सर.

त्या शेलमध्ये ‘क्रिप्टसेटअप’ टाइप केलं. उत्तर: असं काही इथे नाही.

बंद करून झोपले.


रविवार, १७ नोव्हेंबर

कारण सकाळी पाचेक मिनिटांत कळलं. डेबियनमध्ये ‘क्रिप्टसेटअप’ची पॅकेजेस वेगवेगळी आहेत. आज्ञा ज्यात आहे ते माझ्याकडे होतं. सुरू होतानाच्या छोट्या प्रणालीत ती आज्ञा नेऊन ठेवतं ते ‘क्रिप्टसेटअप-इनिटरामएफएस’, ते नव्हतंच. काल एकही तक्रार आली नाही याचं कारणही तेच. तक्रार करणारंच घरात नव्हतं.

हे पॅकेज आधीच, म्हणजे यंत्र धडपणे चालू असतानाच टाकून ठेवा. नंतर चरूटमध्ये जाऊन टाकायचं तर आत इंटरनेट चालत नाही, कारण नावं शोधायची ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल तिथे रिकाम्या जागेकडे बोट दाखवत असते. लाइव्ह प्रणालीतली फाइल आत माउंट केल्यावर झालं. वेळ मात्र त्यात गेला.

पॅकेज बसलं आणि लगेच पहिली तक्रार आली: ‘पेटी’ नावाचं लक्ष्य क्रिप्टटॅबमध्ये सापडत नाही. काल रूट उघडताना मी त्याला ‘पेटी’ हे नाव दिलं होतं, आणि क्रिप्टटॅबमध्ये जुन्या टिपणातून उचललेलं भलतंच नाव होतं. दोन्हीकडे एकच नाव लागतं, नाहीतर इनिटरामएफएस बनवणाऱ्याला रूट कशावर उभं आहे ते कळत नाही. ही तक्रार फर्मवेअरच्या इशाऱ्यांच्या गर्दीत येते, जे इशारे आपण सगळेच न वाचता सोडतो. वाचा.

तिसरी गल्लत यूयूआयडीची, म्हणजे पार्टिशनच्या ओळखक्रमांकाची. एन्क्रिप्ट केल्यावर दोन यूयूआयडी असतात. बाहेरच्या लक्स पार्टिशनचा एक, आतल्या ईएक्सटी४चा एक. क्रिप्टटॅबमध्ये बाहेरचा. एफएसटॅबमध्ये आतला, आणि तो पूर्वीचाच असल्यामुळे तिथली रूटची ओळ बदलावी लागत नाही. मी दोन्हीकडे आतला टाकला होता. म्हणजे पेटी उघडायची किल्ली पेटीतच.

रीस्टार्ट करण्याआधी यावेळी ‘एलएसइनिटरामएफएस’ने नव्या फाइलीत क्रिप्टसेटअप आहे का ते पाहिलं. आहे. हे पाहायला दहा सेकंद लागतात. काल पाहिलं असतं तर रात्र वाचली असती.

पासफ्रेज विचारला. टाकला. उघडलं.

पण दर वेळी सुरू होताना अर्ध्या मिनिटाची खोटी. ‘रिझ्यूम’ नावाच्या फाइलीत (हायबरनेटनंतर मेमरी कुठून परत आणायची ते इथे) मोडलेल्या स्वॅपचा यूयूआयडी राहिला होता आणि यंत्र त्या मेलेल्या पार्टिशनची वाट बघत होतं. तिथे ‘रिझ्यूम=नन’ लिहून इनिटरामएफएस पुन्हा बनवलं. खोटी गेली.

प्रामाणिक हिशेब: नव्याने डेबियन टाकून बॅकअपमधून होम फोल्डर परत उतरवलं असतं तर अख्खं काम एका दुपारचं होतं. आणखी एक गोष्ट त्याच बाजूने जाते. एसएसडी आत पानं फिरवत राहते. आपण एका जागी लिहितो असं वाटतं, ती दुसरीकडे लिहिते आणि जुनं पान सवडीने पुसते. म्हणजे आधी उघडा लिहिलेला मजकूर चिपमध्ये कुठेतरी काही काळ राहू शकतो. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कला हा प्रश्नच नाही. माझ्या भीतीचा माणूस चिप उपटून वाचणारा नाही, म्हणून मी यावर भागवते. तुमचा असेल तर नवीन डिस्क घ्या.


बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी शाई लावून आले आणि किल्ल्यांचं काम काढलं.

लक्स२ला ३२ कप्पे असतात, एकाच डिस्कला ३२ वेगवेगळे पासफ्रेज चालू शकतात. डेटा ज्या मूळ किल्लीने एन्क्रिप्ट होतो ती वेगळी. ती हेडरमध्ये असते आणि प्रत्येक कप्प्यात तिचीच एकेक कुलूपबंद प्रत. त्यामुळे पासफ्रेज बदलला तरी ५१२ जीबी पुन्हा लिहावे लागत नाहीत.

माझा पासफ्रेज फाशांनी काढला. पाच फासे टाकायचे, येणाऱ्या आकड्यासमोरचा शब्द घ्यायचा. यादी ७,७७६ शब्दांची, म्हणजे सहाचा पाचवा घात. सहा शब्द पुरतात. आधी मराठी शब्दांचीच यादी रोमनमध्ये करायला घेतली होती, कारण इंग्रजी शब्द डोक्यात राहत नाहीत. पण रोमनमध्ये मराठी लिहायचा एक नियम नाही. ‘काय’ला एक ए की दोन, ‘आहे’ला किती, ‘ळ’ आणि ‘ल’ एकच का? थकलेली असताना फडावर रात्री हे आठवायचं? म्हणून यादीतून ज्यांचं स्पेलिंग एकाच तऱ्हेने होतं तेवढेच शब्द घ्यायला गेले, आणि यादी इतकी आटली की फाशांना अर्थ उरेना. शेवटी इंग्रजी यादीच घेतली आणि त्या सहा शब्दांची एक अचाट गोष्ट मराठीत रचली. ती पाठ झाली. गोष्ट सांगणार नाही.

दुसऱ्या कप्प्यात दुसरा, आणखी लांब पासफ्रेज. तो कागदावर हाताने लिहून, पाकीट बंद करून संस्थेच्या बँक लॉकरमध्ये. मला काही झालं तर मुलाखती संस्थेच्या हाती राहायला हव्यात, बायकांनी त्या मला वैयक्तिक दिलेल्या नाहीत. पाकीट बंद करण्याआधी त्या पासफ्रेजने यंत्र खरोखर सुरू करून पाहिलं. ‘--टेस्ट-पासफ्रेज’नेही तपासता येतं, पण सुरू होतानाच्या काळ्या पडद्यावर टाइप करून बघणं वेगळं.

हेही नोंदवून ठेवते की कुलूप चोरासाठी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार डिस्क उघडून द्यायला सांगू शकतं, आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेत हे आधी बोलून घेतलेलं बरं.

मग हेडरचा बॅकअप, ‘लक्सहेडरबॅकअप’. १६ एमबीची फाइल. हेडर खराब झालं तर बरोबर पासफ्रेजही काही करू शकत नाही, तेव्हा ही फाइल हवीच. एक प्रत बॅकअपच्या डिस्कवर, एक छोट्या पेनड्राइव्हवर (३५० रुपये).


रविवार, २४ नोव्हेंबर

झोपवणं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, पण मूळ किल्ली रॅममध्ये जागीच असते. झोपलेला लॅपटॉप पळवला तर डिस्क उघडीच आहे असं धरायचं. मधे फक्त लॉगिनचा पडदा. रॅम बंद झाल्यावरही तिच्यातला मजकूर लगेच पुसला जात नाही, आणि गार केली तर आणखी टिकतो, हे २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी करून दाखवलं.

म्हणून हायबरनेट हवं होतं: मेमरी स्वॅप फाइलमध्ये उतरवून यंत्र पूर्ण बंद. एन्क्रिप्ट झालेल्या रूटमध्ये १० जीबीची स्वॅप फाइल केली, ‘फाइलफ्रॅग’ने तिची जागा काढून ‘रिझ्यूम-ऑफसेट’ ग्रबमध्ये दिला, परवा नन केलेला रिझ्यूम पुन्हा ‘पेटी’कडे वळवला. हायबरनेटची आज्ञा दिली तर नकार. सेटिंग चुकलं म्हणून दुपारभर ऑफसेट पुन्हा पुन्हा मोजले. चूक तिथे नव्हतीच. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) एक ओळ होती: लॉकडाउन, हायबरनेशनला बंदी. सिक्युअर बूट (सही नसलेलं कर्नल सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर डेबियनचं कर्नल हायबरनेट होऊच देत नाही, कारण डिस्कवरून परत येणारी मेमरी कुणी मधे बदलली नाही याची त्याला खात्री नसते.

मग निवड करायची. सिक्युअर बूट बंद करून हायबरनेट, की उलटं? माझं बूट पार्टिशन उघडं आहे. कुणी तासभर लॅपटॉप हाती घेऊन तिथलं कर्नल बदललं तर सिक्युअर बूट ते चालू देणार नाही. (इनिटरामएफएसवर मात्र सही नसते, म्हणजे हा बंदोबस्तही अर्धाच.) सिक्युअर बूट ठेवलं. प्रवासात लॅपटॉप झोपवायचा नाही, सरळ बंद करायचा. सुरू व्हायला पासफ्रेज धरून मिनिटभर लागतं. १० जीबीची स्वॅप फाइल २ जीबीची केली, रिझ्यूम पुन्हा नन.

जाता जाता ट्रिम, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवणं. ‘एफएसट्रिम’ चालवलं तर ‘ही क्रिया चालत नाही’. एन्क्रिप्शनचा थर रिकाम्या जागेची खबर एसएसडीपर्यंत पोचवत नाही, मुद्दाम सांगावं लागतं. आणि रीएन्क्रिप्टने तर प्रत्येक सेक्टर लिहून ठेवलेला, म्हणजे एसएसडीच्या मते ती काठोकाठ भरलेली. क्रिप्टटॅबमध्ये ‘डिस्कार्ड’ घातलं, इनिटरामएफएस बनवलं, रीस्टार्ट, चाललं. बदल्यात डिस्क हाती लागलेल्याला कोणती जागा रिकामी आहे एवढं कळू शकतं. मला चालतं.


शुक्रवार, २९ नोव्हेंबर

निघायच्या आदल्या दिवशी सहकारी ताई म्हणाल्या, “माझंही करून दे ना.” त्यांचा विंडोज ११ होम. मला वाटलं आता रात्र गेली. सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षेखाली पाहिलं तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आधीच चालू. ताईंना पत्ता नाही.

“मग झालं की,” त्या म्हणाल्या.

“रिकव्हरी की कुठंय, ताई?”

ती ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट, आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र पहिल्यांदा सुरू केलं त्या खात्यात जाऊन बसते. ताईंच्या खात्यात नव्हती. विकत घेताना दुकानातल्या मुलाने ‘मी करून देतो’ म्हणत स्वतःच्याच ईमेलने सगळं बसवून दिलं होतं. म्हणजे त्यांच्या डिस्कची किल्ली त्या मुलाच्या खात्यात, आणि उद्या बायोसमध्ये काही बदललं आणि विंडोजने आकडे मागितले की त्याच्या दारात उभं राहायचं.

ताईंचं स्वतःचं खातं जोडून, त्याला प्रशासक करून, एन्क्रिप्शन बंद केलं, डिस्क पूर्ण उलगडू दिली, मुलाचं खातं काढलं, पुन्हा चालू केलं. नवी किल्ली ताईंच्या खात्यात आली, ती कागदावर उतरवून कागद घरी ठेवला. लॅपटॉपच्या बॅगेत नाही. ताईंनी आधी तिथेच सारला होता.


शनिवार, १४ डिसेंबर

परत आले. यंत्र धड. आल्यावर कर्नलचं अपडेट आलं, बूटचं पार्टिशन जेमतेम १ जीबीचं असल्यामुळे जरा धाकधूक होती. कर्नल आणि त्याचं इनिटरामएफएस मिळून शंभरेक एमबी, जुनी काढत राहिलं तर पुरतं. ‘ऑटोरिमूव्ह’ करायची सवय ठेवा.

फडावर एक गोष्ट झाली. कोपीबाहेर अंधारात लॅपटॉप सुरू करत होते, भोवती पोरं, आणि पाठीशी मुकादमाचा एक माणूस उभा. पडद्यावर पासफ्रेज दिसत नाही, पण बोटं दिसतात. त्याने काही पाहिलं असेल असं नाही. तरी घरी आल्यावर पहिलं काम म्हणून ‘लक्सचेंजकी’ने पासफ्रेज बदलला.

नुसतं तेवढं पुरत नाही. २० तारखेला घेतलेला हेडरचा बॅकअप जुन्याच पासफ्रेजने उघडतो आणि आत मूळ किल्ली तीच आहे. ती फाइल, जुना पासफ्रेज आणि माझी डिस्क, तिन्ही ज्याच्या हाती, त्याला आजही सगळं उघडतं. म्हणून नवा हेडर-बॅकअप घेऊन बॅकअपच्या डिस्कवरचा जुना पुसला. ती डिस्क स्वतः एन्क्रिप्टेड आहे, तिथे फार चिंता नव्हती. पेनड्राइव्हचं तसं नाही. त्यातली फाइल उघडी, आणि फ्लॅशवर वरून लिहिलं म्हणजे खालचं गेलंच असं नसतं. तो वरवंट्याने फोडला. नवा ३८० रुपयांना पडला, खर्चात धरा.